खड्ड्याची छोटी चावी

आमच्या मूल गावच्या राइस मिलमध्ये नवीन कुलपं बसली, तेव्हापासून माझं कामात लक्ष नव्हतं. मी तिथला मशीन ऑपरेटर. एखादी वस्तू कशी चालते हे कळेपर्यंत मला जेवण गोड लागत नाही. बायको म्हणते, हा माणूस पेचकस हातात घेऊनच जन्माला आला.

धान वर चढवणाऱ्या एलिव्हेटरच्या बुडाशी खड्डा आहे. सांडलेलं धान काढायला एक बाई त्यात उतरते. आता पॅनेलची मोठी चावी फिरवून मोटर बंद केली, तरच ती चावी बाहेर निघते. ती खड्ड्याच्या जाळीला लावली की जाळी उघडते आणि तिथली छोटी चावी सुटते. छोटी परत लावल्याशिवाय जाळीतून मोठी निघत नाही, आणि मोठीशिवाय मोटर चालू होत नाही. म्हणून आत उतरणाऱ्याने छोटी चावी जवळ ठेवायची. मी तार घालून पाहिली, पेचकस घालून पाहिला. कुलूप काही बधलं नाही. मला तर फारच मजा वाटली.

एका दुपारी मोठी चावी जाळीत अडकलेली, छोटी गायब आणि बाईचाही पत्ता नाही. ती आतच पडली की काय! जाळी उचलून बॅटरी मारली, हाका मारल्या. मिलचे मालक सेठही गुडघे टेकून आत डोकावले. खड्डा रिकामा होता. तेवढ्यात एक हमाल म्हणाला, "बाई त जेवाले घरी गेली ना!"

चावी सवयीने पदराच्या गाठीत बांधली असणार. बाहेर धानाचे ट्रॅक्टर खोळंबलेले. सेठ तापले. "काढ गाडी. चावी घेऊ अन् आजच बाजारातून डुप्लिकेट बनवून टाकू. एक माह्यापासी राहीन."

बाईचं गाव जवळच. आम्हाला दारात पाहून ती ताटावरून उठली आणि पदर चाचपून तिने कपाळावर हात मारून घेतला. गाठ सोडता सोडता तिने सेठच्या तोंडून डुप्लिकेटचं ऐकलं.

"अन् मी आत असली त?"

"आवाज देऊ ना तुले," सेठ म्हणाले.

बाई हसायलाच लागली. "सेठजी, इतके वर्सं मी त्या खड्ड्यात उतरून राह्यली. मशीन चालू झाली का माह्या आवाज कोणाले आयकू येत नाई. आज पयल्यांदा कोणी मले पाह्याले निंगालं. बाई कुठी आहे म्हून."

तिने चावी सेठच्या हातात दिली. सेठनी ती खिशात घातली. मला कसंतरीच झालं. इतके दिवस मी त्या कुलपाकडेच पाहत होतो.

बाजारात चावीवाल्यापाशी मी गाडी हळू केली.

"काऊन हळू करून राह्यला?" सेठ मागून म्हणाले. "चाल सीधा."