उदयचं एक खरं, एक खोटं

उदयच्या नंबरवरून फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगतो, म्हणजे आमचं नातं कसं होतं ते कळेल. मला वाटलं, हा डाव आहे. सोमवारची सकाळ होती. अमेरिकेतल्या फुटबॉलच्या रविवारच्या मॅचेस आमच्याकडे न्यूझीलंडमध्ये सोमवारी सकाळी सुरू होतात, आणि त्याआधीचा थोडा वेळ आम्हा मित्रांच्या फँटसी लीगमध्ये फार नाजूक असतो. टीममधला शेवटचा बदल तेव्हाच करायचा. नेमकं त्याच वेळी फोन करून समोरच्याला बोलण्यात गुंतवायचं आणि त्याला हवा असलेला खेळाडू आपण उचलायचा, हा उदयचा जुना उद्योग. म्हणून मी फोन घेतला नाही. तो पुन्हा वाजला. तेव्हा घेतला आणि म्हणालो, "नाटकं पुरे. कुठला गडी दुखावलाय तेवढं सांग आणि ठेव." पलीकडे केतकी होती, उदयची बायको. ती म्हणाली, "उदय गेला रे... पहाटे गेला." आणि मी, खोटं कशाला सांगू, एक क्षणभर तिच्यावरही विश्वास ठेवला नाही.

मी स्वभावानं संशयी. दुकानदारानं हसून 'स्वीट ॲज', म्हणजे सगळं झकास, म्हटलं की मी बिल पुन्हा तपासतो. हॅमिल्टनला शिकायला आलो तेव्हा मी डोंबिवलीचा आणि उदय सांगलीचा, एका पडक्या फ्लॅटमध्ये एकत्र राहायचो. फ्रिजमधल्या माझ्या दुधाच्या बाटलीवर मी पेनानं रेघ मारून ठेवायचो, कुणी प्यायलं तर कळावं म्हणून. बाकीचे चिडायचे. उदयनं काय करावं? तो रोज आपल्या बाटलीतलं थोडं दूध माझ्या बाटलीत ओतायचा. सकाळी उठून बघतो तर दूध रेघेच्या वर! दूध कमी झालं तर माणूस चोर शोधतो, वाढलं तर कुणाला पकडणार? आठवडाभर मी ते दूध प्यायलो नाही, काहीतरी कालवलं असेल म्हणून. शेवटी त्यानंच हसत हसत कबूल केलं. आमची मैत्री तिथून सुरू झाली असं तो सगळ्यांना सांगायचा. मी त्यात दुरुस्ती करायचो, की मैत्री नंतर झाली, तिथून फक्त पाळत सुरू झाली.

पुढे तो ऑकलंडला आयटीत लागला, तिथंच न्यू लिनला घर घेतलं. मी हॅमिल्टनलाच राहिलो, पुलांची कामं करणाऱ्या एका कंपनीत. आता तिथल्याच रोटोटुना भागात असतो. त्याच्या ऑफिसचं गिऱ्हाईक अमेरिकन, त्यामुळे त्याला तिकडच्या फुटबॉलची बाधा झाली आणि त्यानं ती आम्हा सगळ्या मराठी मित्रमंडळींना दिली. रग्बीच्या देशात राहून आम्ही तो दुसराच खेळ बघत बसायचो, आणि तोही खोटाखोटा. म्हणजे असं, की खेळाडू खरे, पण टीम आपल्या मनानं बांधायची. आपण निवडलेले गडी तिकडे खऱ्या मॅचमध्ये जेवढे पळतील, जेवढे झेल घेतील, तेवढे गुण आपल्याला. दर आठवड्याला लीगमधल्या एकाशी लढत. आक्रमणाचे गडी एकेक करून निवडायचे, बचाव मात्र एखाद्या टीमचा अख्खाच्या अख्खा घ्यायचा. माझं डोकं आक्रमणात चालायचं. चेंडू फेकणारा आणि त्याचा झेल घेणारा असे एकाच टीमचे दोघे मी जोडीनं घ्यायचो, म्हणजे एका फेकीवर दोघांचे गुण. उदय बचावापासून सुरुवात करायचा. तिकडे कुठल्या गावात वारा आहे, कुठे बर्फ पडणार आहे ते बघायचा आणि तिथलाच बचाव उचलायचा, कारण गारठलेल्या हातांतून चेंडू निसटतो आणि बचावाला गुण मिळतात. वर माझ्या उपयोगाचा बचावही आधीच उचलून स्वतःच्या बाकावर नुसता बसवून ठेवायचा. "तुला गरज नाही तर घेतलास कशाला?" असं विचारलं की म्हणायचा, "तुझ्यापासून बचाव म्हणून."

लीगच्या ॲपमध्ये ज्या खेळाडूच्या खेळण्याबद्दल शंका असते त्याच्या नावापुढे क्यू हे इंग्रजी अक्षर येतं, 'क्वेश्चनेबल'मधलं. उदयनं माझं नावच क्यू ठेवलं. त्याच्या मुलीला, इराला, कितीतरी वर्षं माझं खरं नाव ठाऊक नव्हतं. ती मला 'क्यू काका' म्हणायची आणि अजून म्हणते.

आणि त्याचा तो नियम. आमची एकमेकांशी लढत असली की आदल्या रविवारी दुपारी आम्ही ऑकलंडमधल्या पापाटोएटोला, भारतीय दुकानांच्या वस्तीत, भेटायचो. मी हॅमिल्टनहून महिन्याचा किराणा भरायला, तो न्यू लिनहून निव्वळ मला छळायला. तिथल्या मिठाईच्या दुकानात मागचं टेबल ठरलेलं. चहा आला की दोघांनी आपापल्या डावाबद्दल दोन वाक्यं सांगायची. एक खरं, एक खोटं. कुठलं कुठलं ते समोरच्यानं ओळखायचं. दोन्ही खरी चालणार नाहीत, दोन्ही खोटी तर अजिबात नाहीत. एकदा मी दोन्ही खोटी सांगितली तर चहा अर्धा टाकून उठला. "लेका, एवढं एक तरी सरळ असू दे," म्हणाला. त्याचा चेहरा तेव्हा खरंच उतरला होता. पुढे तो नियम मी मोडला नाही, आणि त्यानं तर कधीच नाही. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण मी प्रत्येक वेळी तपासलेलं आहे.

लीगचा चषक म्हणजे एक पितळी अडकित्ता. पापाटोएटोच्याच एका दुकानात पूजेच्या सामानामागे धूळ खात पडला होता, आमच्यात सुपारी कुणीच खात नाही तरी उदयनं घेतला. जिंकेल त्यानं वर्षभर घरात मांडायचा. माझ्याकडे तो एकदाच आला, आणि ज्या तऱ्हेनं आला ते कुणी काढलं की मी विषय बदलायचो. ज्या वर्षी आला त्याच वर्षी माझी नोकरी गेली होती. कंपनीनं गोड बोलून 'रिडंडंट' केलं होतं. मी दिवसदिवस पायजम्यात घरात बसायचो, माझी बायको अनघा कामावर जाताना माझ्याकडे बघायची आणि दार ओढून घ्यायची. तशात मी लीगच्या फायनलला पोचलो, समोर उदय. फायनल म्हणजे डिसेंबरअखेर, आमचा ऐन उन्हाळा. दोन्ही कुटुंबं इथल्या कोरोमंडलला समुद्राकाठी तंबू टाकून राहिली होती. मुलं दिवसभर पोहण्याच्या टॉग्जमध्ये पाण्यात, आम्ही पायात रबरी जँडल्स घालून बार्बेक्यूपाशी. तंबूत नेटवर्क नाही. फोन चालवायचा तर मागच्या टेकडीवर पाण्याच्या टाकीपाशी जावं लागायचं, गुडघाभर वाळल्या गवतातून.

उदयचा चेंडू घेऊन पळणारा हुकमी गडी त्या आठवड्यात दुखावलेला होता, नावापुढे क्यू. तो खेळणार की नाही हे सोमवारी सकाळीच कळणार होतं. रविवारी संध्याकाळी उदयनं मक्याची कणसं भाजता भाजता आपली दोन वाक्यं सांगितली. "एक, उद्या सकाळी टाकीपाशी जाऊन टीम बघणार आहे. दोन, तुला सोडणार नाही." सकाळी मी टाकीपाशी जायला निघालो तर हा पठ्ठ्या समोरून येतोय. "टॉयलेट ब्लॉकला गेलो होतो," म्हणाला. टॉयलेट ब्लॉकची वाट सिमेंटची आहे. आणि ह्याच्या ट्रॅक पँटला पोटरीपर्यंत कुसळं! वर जाऊन बघतो तर त्याचा तो गडी खेळणार नसल्याचं जाहीर झालेलं, आणि उदयनं त्याला तसाच टीममध्ये ठेवलेला. शून्य गुण. मी अगदी थोडक्यात जिंकलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, अनघा कितीतरी महिन्यांनी मोकळी हसली. मी मात्र त्या कुसळांकडे बघत होतो. हा टेकडीवर गेला असेल तर पहिलं वाक्य खरं, म्हणजे 'सोडणार नाही' हे खोटं. म्हणजे त्यानं मला सोडलं. बेकार माणसाला दिवाळीचं पोस्त द्यावं तसा तो अडकित्ता मला दिला... मी विचारलं तर म्हणाला, "जिंकलास ना? मग घे की." पुढे मला नोकरी लागली, सगळं मार्गी लागलं, पण तो अडकित्ता मी बैठकीत कधी मांडला नाही. गॅरेजमध्ये खिळ्यांच्या डब्यामागे ठेवून दिला. पुढच्या वर्षीचा विजेता मागायला आला तेव्हा हरवला म्हणून सांगितलं. दया म्हणून मिळालेली वस्तू दुसऱ्याला अभिमानानं कशी द्यायची?

ह्या वर्षी आमची लढत लागली तेव्हा उदय पापाटोएटोला येऊ शकला नाही. पोटाचं काहीतरी सुरू होतं, बरेच दिवस. म्हणून मीच मिठाई घेऊन न्यू लिनला गेलो. दार इरानं उघडलं. "क्यू काका, ही इज टायर्ड, सो डोंट मेक हिम लाफ अ लॉट, ओके?" तो कोचावर पाय पोटाशी घेऊन बसला होता, शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झालेली. केतकी चहा ठेवून आत गेली ती बाहेर आलीच नाही, ते मला खटकलं. डॉक्टर काय म्हणतात विचारलं तर तिकडच्या हवामानावर घसरला, ते त्याहून खटकलं. मग म्हणाला, "चल, दोन वाक्यं ऐक. आज डावाची नाहीत. एक, रिपोर्ट चांगले आलेत. दोन, कोरोमंडलला मी तुला मुद्दाम जिंकू दिलं नव्हतं." आणि चहा पीत माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "हे काय मध्येच?" तर म्हणाला, "इतकी वर्षं डोक्यात घेऊन फिरतोयस, मला काय कळत नाही? ओळख आता."

ऑकलंड सोडून हॅमिल्टनच्या वाटेवरच्या बॉम्बे हिल्स टेकड्यांचा चढ लागेपर्यंत मी अडकित्त्यातल्या सुपारीसारखा झालो होतो. जिंकलो ते खरं धरायचं तर रिपोर्ट खोटे. रिपोर्ट खरे धरायचे तर माझं जिंकणं खोटं. जन्मभर प्रत्येक गोष्टीची वाईट बाजू आधी पाहणारा मी, त्या दिवशी काय झालं कोण जाणे, मी चांगली बाजू धरली. रिपोर्ट चांगले आहेत. ह्यानं मला फुकट जिंकू दिलं होतं, भीक घातली होती, मला मूर्ख बनवलं होतं, आणि मला त्याचा इतका आनंद झाला की गाडीत एकटाच हसायला लागलो. घरी येऊन अनघाला म्हणालो, "उदयनं त्या वर्षी मुद्दाम हरून दाखवलं होतं. आता नक्की झालं." ती म्हणाली, "मग एवढा खूश का आहेस?" मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं दुसरी शक्यता बोलून दाखवली असती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत केतकीचा तो फोन आला.

दिवस झाल्यावर आम्ही दोघं पुन्हा न्यू लिनला गेलो. अनघा इरापाशी बसली, मी स्वयंपाकघरात केतकीपाशी. विचारू नये असं वाटत होतं, पण विचारलं. मी गेलो होतो तेव्हा रिपोर्ट आले होते का? "आदल्या आठवड्यातच आले होते," ती म्हणाली. "काही करण्यासारखं नव्हतं. तुला सांगूया म्हटलं तर नको म्हणाला. म्हणाला, क्यूला दोन वाक्यं सांगितलीत, तो शोधून काढेल. सगळं शोधून काढतो तो." मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुला कळलं होतं ना रे?" मी मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली ते माझं मलाही सांगता येणार नाही.

म्हणजे रिपोर्टचं वाक्य खोटं होतं. मग नियमानं दुसरं खरं. मी जिंकलो होतो, माझं मी जिंकलो होतो. माझा संशय त्यानं फेडला तो असा. संशयी माणसानं आयुष्यात एकदा भाबडेपणानं विश्वास ठेवला आणि नेमक्या चुकीच्या वाक्यावर ठेवला, ह्याचा मला त्याच्यावर भयंकर राग येतो. मी त्या दिवशी नेहमीसारखा संशय घेतला असता तर हॅमिल्टनला परतलो नसतो, त्याच्यापाशी बसून राहिलो असतो. आणि स्वभाव जात नाही, म्हणून हेही सांगतो की कुसळांचं कोडं मला अजून सुटलेलं नाही. शेवटच्या वेळी त्यानं नियम मोडला असेल आणि दोन्ही खोटी सांगितली असतील तर? बाटलीत गुपचूप दूध ओतणारा माणूस तो... पण 'एवढं एक तरी सरळ असू दे' म्हणणाराही तोच होता. हे एक मी सरळ धरायचं ठरवलं आहे.

गेल्या रविवारी किराणा भरायला पापाटोएटोला गेलो होतो. ह्या सीझनमधली आमची दुसरी लढत त्याच आठवड्यात होती. त्याची टीम कुणी काढून टाकलेली नाही, त्यानं लावली होती तशीच आहे, वाऱ्याच्या गावचा बचाव धरून बसलेली. मागचं टेबल रिकामं होतं. गॅरेजमधून काढून, चिंच लावून घासलेला अडकित्ता मी पिशवीतून काढला आणि टेबलावर ठेवला. चहा आला. समोर कुणी नव्हतं, पण लढत असली की दोन वाक्यं सांगायची असतात, म्हणून हळूच सांगितली.

एक, हा अडकित्ता मी जिंकलेला आहे. दोन, मी आता बराच सावरलोय.