चारातली एक सुपारी

सकाळी डोळे उघडले की देवाचं नाव घ्यायच्या आधी आमची आई विचारायची, "आज तिथी कंची?" उत्तराची वाट न बघता ती चुलीच्या ओट्यावर सुपाऱ्या मांडायला लागायची. अष्टमी असली तर आठ. मग दर चारातली एक उचलून बाजूला ठेवायची. उरल्या सहा, म्हणजे आज सहाला भरती. नेमके चाराचे गट पडले नाहीत तर उरलेला हिशेब बोटांच्या पेरांवर व्हायचा. तिथीच्या पाऊणपट भरती, हे गणित आमच्या किनाऱ्यावर लहान पोरालाही येतं. पण त्यावर तीन पोरांची शाळा चालवणारी बाई मी एकच पाहिली.

आमची नारळी-पोफळीची वाडी खाडीच्या अलीकडे आणि हायस्कूल पलीकडे. भरतीच्या दोन तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंत धोंडूकाकाची होडी चालायची. एरवी खाडीत नुसता चिखल, आणि बांधावरून वळसा घालून जायचं तर दोन तासांची पायपीट. वडील मुंबईला गोदीत कामाला, ते गणपतीला आणि शिमग्याला दिसायचे. घरात घड्याळ नव्हतं. वसंतदादा अकरावीत, म्हणजे मॅट्रिकला, त्याचे जादा तास सकाळी सातला. मी आठवीत, माझी शाळा दुपारची. धाकटा बाळू सहावीत, त्याची कवायत कधी सकाळी तर कधी संध्याकाळी, मास्तरांच्या मर्जीवर. शाळा घड्याळावर चालायची, खाडी चंद्रावर, आणि या दोघांच्या मधे आई धावत असायची.

ती बसलेली मला आठवतच नाही. राहाटाला रेडा जुंपलेला, वाडीत पाणी नेणारी पन्हळ कुठेतरी फुटलेली, चुलीवर पेज, आणि बाळूचा एकुलता एक पांढरा सदरा वाळत नाही म्हणून तो हातात धरून ती वाडीभर हलवत फिरायची. "आये, जरा टेक की," असं म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं, "मी टेकले म्हणून पाणी थांबतंय व्हय?" भाकरी थापता थापता ती ओरडायची, "वसंता, सातच्या आत पाणी जातंय, नीघ! सुमे, तुला अजून येळ हाय, पन्हळीत चिंध्या कोंब. बाळ्या, दौत सांडलीस तर बघ!" आम्हाला याचा फार राग यायचा. शाळेतल्या मुलींच्या आया दुपारी ओटीवर बसून गप्पा मारतात, आणि आमचीच आई अशी वावटळीसारखी, याची मला लाज वाटायची. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "बसंन की. तुम्ही तिघं मॅट्रिक झालात की बसंन. मग उठवायला येऊ नका." वडील चौथी नापास आणि ती स्वतः शाळेची पायरी न चढलेली. आमच्यातलं एक तरी मॅट्रिक व्हावं, यापलीकडे तिला देवाकडे काही मागायचं नव्हतं.

तिच्या गणिताला एकच धोका होता. पंचांगात एखादी तिथी गळते, एखादी दोन दिवस राहते. म्हणून दर पडव्याला, नवा पंधरवडा लागला की, आमच्यापैकी कुणीतरी भटजींकडे जाऊन ते विचारून यायचं, असा तिचा दंडक होता. दादाच्या परीक्षेआधीच्या पडव्याला माझी पाळी होती. भटजींनी मला बजावून सांगितलं, "या पंधरवड्यात पंचमी दोन दिवस आहे हो. आईला सांग." येताना मी शिवणाच्या बाईंकडे थांबले. आमची शिवणाची परीक्षा तोंडावर आली होती आणि माझी काजं काही केल्या नीट होत नव्हती. घरी पोचले ती डोक्यात काजंच घेऊन. आईने पन्हळीखालून ओरडून विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "काय न्हाय, सगळं सरळ हाय."

शनिवारी पंचमी झाली. रविवारी कुणी खाडीकडे फिरकलं नाही. सोमवारी दादाचा पहिला पेपर, अलिबागला. पलीकडून एस.टी. साडेसातला सुटायची. आईने सात सुपाऱ्या मांडल्या. सव्वापाचची भरती, म्हणजे सव्वासातपर्यंत होडी चालणार. पावणेसातला आम्ही दादाला पोचवायला धक्क्यावर गेलो, तर होडी चिखलात कलंडलेली आणि धोंडूकाका काठावर विडी ओढत बसलेला.

"वयनी, पानी कवाच गेलं," तो म्हणाला. "आज सष्ठी हाय, सप्तमी न्हाय. पंचमी दोनदा झाली."

आई स्वतःच्याच कपाळावर हात मारून म्हणाली, "माझंच मेलं डोकं फिरलं!" मी तिथे तोंड उघडायला हवं होतं.

तिने कासोटा वर खोचला, धक्क्यावर पडलेले नारळीचे दोन झाप ओढले आणि चिखलात उतरली. एक झाप टाकायचा, दादाने त्यावर यायचं, मग दुसरा पुढे टाकायचा, मागचा उपसून पुन्हा पुढे. दादाच्या अंगावर परीक्षेसाठी धुतलेले कपडे, ते मळता कामा नयेत म्हणून तो झापावर, आणि ती मांडीएवढ्या चिखलात. मधल्या धारेत गुडघाभर पाणी होतं, तिथे त्याने चपला हातात घेतल्या. पलीकडे एस.टी.चा भोंगा वाजला तशी ती चिखलातूनच ओरडली, "थांबवा ओ गाडी! माझा पोरगा मॅट्रिकला हाय!" अलीकडून धोंडूकाकानेही हाळी दिली. कंडक्टर खाली उतरून उभा राहिलेला मला दिसला. दादा चढला, गाडी गेली, आणि आई पलीकडच्या काठावर पहिल्यांदाच मटकन खाली बसली.

चिखलात कालवाच्या धारदार शिंपल्याने तिचा तळवा उभा चिरला होता. जखम महिनाभर चिघळली. दादा पास झाला तेव्हा ती पेढे वाटायला निघाली ती लंगडत, आणि पुढे कायमची लंगडतच धावत राहिली. गावात कुणी विचारलं की म्हणायची, "माझा हिशेब चुकला." दर वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि दर वेळी मी गप्प बसायचे. मी मॅट्रिक झाले, बाळू झाला. ती बसली मात्र नाही.

बसली ती थेट शेवटच्या आजारात, आणि तेही अंथरुणात. मी माहेरी गेले होते. तिचा तो वाकडा पाय चेपता चेपता मला राहवेना. "आये, पंचमी दोनदा हाय हे भटजींनी मला सांगितलं व्हतं. मी तुला बोललेच न्हाय." एवढं सांगून मी रडायला लागले.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी भटजी पाय बघायला आले व्हते, तेच म्हणाले."

"मग मला कधी बोलली का न्हाईस?"

"त्या दिवशी तुझी शिवणाची परीक्षा व्हती ना," ती म्हणाली. "म्हटलं, पोर आल्यावर बोलू. मग पन्हळ फुटली, आन् ऱ्हाऊनच गेलं."