कोरड्या विहिरींचा इतिहास

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पालथे घातले, तरी माझ्या मामेसासऱ्यांइतका दमवणारा माणूस सापडायचा नाही. बायकोचे हे थोरले मामा तेल आणि वायू शोधणाऱ्या एका कंपनीत ड्रिलर होते. वाळवंट, आसामकडची जंगलं, समुद्र. जिथं म्हणून माणसाला सुखानं राहता येत नाही, तिथं जाऊन त्यांनी जमिनीला भोकं पाडली आणि निवृत्त होऊन कुंडलला आले. तोवर त्यांच्या कंपनीला एका मोठ्या कंपनीनं गिळलं होतं आणि त्या मोठीला आणखी एकीनं. जुनं नाव कुठल्या पाटीवरसुद्धा उरलं नव्हतं. म्हणून मामांनी कंपनीचा इतिहास लिहायला घेतला. कुणी सांगितलं नव्हतं. मी मलकापुरात मराठी शिकवतो आणि मला संगणकावर टाइप करता येतं, एवढ्या अपराधापायी गेली सहा वर्षं माझे रविवार कुंडलला जमा होत आहेत.

हा इतिहास पृथ्वी थंड होण्यापासून सुरू होतो. कंपनी स्थापन होईपर्यंत माझ्या दोन उन्हाळी सुट्ट्या संपल्या. "मामा, आपण जरा लवकर संस्थापकांपाशी येऊ या का?" असं मी भीत भीत सुचवलं, तर म्हणाले, "जावईबापू, तेल मुरायला कोटी कोटी वर्सं लागत्यात, आन् तुमाला दोन सुट्ट्या जड झाल्या व्हय?" मामी आतून चहा आणता आणता एवढंच बोलल्या, "तीस वर्सं ह्यो माणूस कंपनीत हुता म्हणून घरात न्हवता. आता घरात हाय, तर सगळी कंपनीच घरात आलीया."

वायूची धास्ती तर त्यांच्या हाडात शिरलेली. घरातल्या सिलिंडरपासून देव्हारा इतका लांब नेलाय, की उदबत्ती लावायला मामींना अंगण ओलांडावं लागतं. पुतणीच्या लग्नात त्यांनी आचाऱ्याच्या शेगड्यांभोवती फक्कीची रेघ मारली आणि 'हितनं फुडं इडी न्हाई' असा हुकूम काढला. नवरदेवाचे चुलते तोंडात विडी धरून रेघेच्या आत आले, तेव्हा मामांनी त्यांच्या अंगावर बादलीभर पाणी ओतलं. विडी विझली, लग्न मोडता मोडता राहिलं. गावात बोअरची गाडी आली की मामा हेल्मेट घालून हजर. वर आलेला चिखल चिमटीत घेऊन हुंगायचा, जिभेला लावायचा आणि गंभीरपणे निकाल द्यायचा, "काळा फत्तर. आपल्याकडं तेल न्हाई." शेतकऱ्याला तेल नकोच असतं, पाणी हवं असतं. पण हे मामांना सांगणार कोण?

इतिहासात वायू लागलेल्या विहिरी थोड्या आणि कोरड्याच फार. प्रत्येक कोरडीला वेगळं प्रकरण. कुठं किती खोल गेलो, कुठल्या दगडात भोक पाडायचं बिट तुटलं, त्या दिवशी जेवायला काय होतं, सगळं. मी एकदा वैतागून म्हणालो, "कोरड्या चार ओळींत उरकू." मामा चिडले नाहीत. म्हणाले, "गॅस लागल्याला समद्यांनी ल्हिलाय. फोटो बी छापल्यात. कोरडीचं कोण ल्हिनार?"

यंदा आताच्या मालक कंपनीनं स्मरणिका काढायचं ठरवलं. मुंबईच्या ऑफिसातून एका मुलीचा फोन आला. जुन्या लोकांच्या आठवणी हव्यात. दोनशे शब्द आणि एक फोटो. मला वाटलं, आता मामा तिला पृथ्वीपासून सुरुवात करून देणार. पण त्यांनी ट्रंकेतून हातानं लिहिलेलं एक पान काढून माझ्यापुढं ठेवलं. सहा वर्षांत हे पान त्यांनी मला टाइप करायला दिलं नव्हतं.

वाळवंटातल्या एका कोरड्या विहिरीची ती हकिगत होती. विहिरीवरच्या लोखंडी मनोऱ्यावर चढून नळ्या लावणारा गडी जतचा, धनगराचा. मामांनीच त्याला कामाला लावला होता. त्याला मनोऱ्याशी बांधून ठेवणारा कमरेचा पट्टा झिजला होता आणि ते मामांना ठाऊक होतं. नवा मागितला होता, आला नव्हता. काम थांबवायचं नाही, असं वरिष्ठांनी बजावलं होतं. मामांनी त्याला वर पाठवला. पट्टा तुटला, माणूस गेला. चौकशीच्या कागदावर 'कामगार दारू प्यायला होता' असं टाइप होऊन आलं आणि त्याखाली मामांनी सही केली.

मी ते पान टाइप करून जसंच्या तसं पाठवलं. मुलगी भली होती. मामांना फोन करून म्हणाली, "सर, फार टचिंग आहे, पण स्मरणिकेत नाही बसणार. एखादी गमतीदार आठवण नाही का?"

मामांनी फोन ठेवला. "जावईबापू, गाडी काडा. जतला जायचं."

तासगाव गेलं, कवठेमहांकाळ गेलं, ऊस संपला, द्राक्षबागा संपल्या, आणि सबंध वाटेत मामांनी एकाही दगडाबद्दल मला काही सांगितलं नाही.

त्या गड्याची बायको दारात जोंधळे निवडत बसली होती. शेजारी पाण्याचे निळे बॅरल, चार मेंढरं. तिनं मामांना ओळखलं, पण 'बसा' म्हणाली नाही. मामांनी उभ्या उभ्याच पान वाचलं. सहीचं वाक्य त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

तिचे हात सुपात तसेच राहिले. "माजा नवरा पीत न्हवता, ते मला ठावं हुतं सायेब. पर बा दारुडा म्हनून थोरल्या लेकीचं ठरल्यालं लगीन मोडलं." मग तिनं कागदाकडं पाहिलं. "ह्येच्या खाली सही हाय का तुमची?"

"न्हाई वैनी."

"त्या कागदावर केलीसा. ह्येवर बी करा."

मी खिशातलं पेन दिलं. मामांनी तिथंच उकिडवं बसून, मांडीवर कागद धरून पूर्ण नावानिशी सही केली. तिनं कागदाची घडी केली आणि ती आत गेली. आम्ही निघालोच होतो, तर तांब्या घेऊन बाहेर आली. "पानी घ्या. लांबनं आलायसा." मामा दोन्ही हातांत तांब्या धरून सावकाश पाणी प्यायले.

परतताना मामा आपणहून बोलले. "लय उंच चढायचा त्यो. वरनं समदं वाळवंट बगायचा आन् वरडायचा, सायेब, ह्ये तर आमच्या जतावानीच दिसतंया!"

मी गाडी हळू केली. "आणखी काय म्हणायचा?" मी विचारलं. सहा वर्षांत पुढचं ऐकायचं म्हणून मी मामांना विचारलेला तो पहिलाच प्रश्न होता.