माझा गुरुवार शोभाला गेला

"दोघींच्याही अक्कलदाढा आडव्या आहेत," दातांचे सर्जन एक्स-रे खिडकीकडे धरून म्हणाले. "याला इम्पॅक्टेड म्हणतात. म्हणजे दाढेला वर यायला जागा नाही, म्हणून ती आडवी होऊन शेजारच्या दाढेला ढकलतेय. हिरडी कापून काढावी लागेल."

दोघी म्हणजे मी आणि माझी धाकटी जाऊ शोभा. आम्ही सणसरच्या. दुखणं खरं तर माझं होतं, महिनाभराचं. शोभा बारामतीला नुसती सोबतीला आली होती. दवाखान्यात बसल्या बसल्या म्हणाली, "माझी बी मधनं मधनं ठणकती. आलोच हाय तर दावू का?" मला तेव्हाच राग आला. घरात मला साडी आली की तिला साडी, मला पाटल्या केल्या की तिला पाटल्या. आता मला दाढ, तर तिलाही दाढ!

सर्जन पुण्याहून फक्त गुरुवारी यायचे, आणि असली कापाकापीची दाढ एका गुरुवारी एकच घ्यायचे. येता गुरुवार माझा ठरला, त्याच्या पुढचा शोभाचा.

घरी आल्यावर सासूबाईंनी आठवण केली की येता गुरुवार सासऱ्यांच्या तिथीचा आहे. पितृपंधरवडा सुरू होता. तिथीचा स्वयंपाक आमच्याकडे थोरल्या सुनेचा, म्हणजे माझा. शोभा चटकन म्हणाली, "अक्का, तुमी जावा दवाखान्यात. सैपाक मी करते. आत्या हायतच की सांगाया."

आता खरं सांगते. हिने आमटी केली आणि ती माझ्याहून चांगली झाली तर, या विचाराने मला दाढेपेक्षा जास्त कळ आली. मी म्हणाले, "तूच जा, शोभा. माझा नंबर घे. मी पुढच्या गुरुवारी जाईन." सासूबाई म्हणाल्या, थोरली समजूतदार हाय. मीही ते ऐकून घेतलं.

गुरुवारी मी पंचवीस पानं वाढली. आलेला प्रत्येक पाहुणा विचारत होता, "शोभा कशी हाय?" आमटीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. दुपारी शोभा गाल फुगवून आली. डॉक्टरांनी गार खायला सांगितलं होतं, म्हणून भाऊजींनी थर्मासमध्ये घालून आइस्क्रीम आणलं होतं. ती पलंगावर बसून चमच्याने आइस्क्रीम खात होती आणि मी खरकटी काढत होते. माझी दाढ दुखत होती आणि पोटातही दुखत होतं.

दोन दिवसांत बातमी आली की सुरतेला प्लेग आलाय. मग एकच हूल उठली. माणसं तोंडाला रुमाल बांधून बाजाराला जायला लागली, औषधांच्या दुकानातून कॅप्सूल गायब झाल्या. सासूबाईंच्या आईने जुना प्लेग पाहिला होता, तेव्हाच्या गोष्टी घरात निघू लागल्या. काखेत, जांघेत गाठ आली की माणूस गेला, असं सासूबाई सांगायच्या.

बुधवारी हे बारामतीला चौकशी करून आले. म्हणाले, "दातांचं सगळं काम बंद ठिवलंय. रोग श्वासातनं जातो म्हणं. डॉक्टरानं पेशंटच्या तोंडात तोंड घालून बसायचं कसं? पुण्याचा सर्जन बी येणार न्हाय."

शोभाचे टाके त्या गुरुवारी काढायचे होते, तेही राहिले. तिला टाके टोचायचे. मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही. दाढ तर निघाली होती ना तिची? ती भाकरी चावून खायची आणि मी ताकात कुस्करून. त्या दिवसांत मी तिच्या जबड्याकडे जितकं बघितलं, तितकं भाऊजींनीही बघितलं नसेल.

त्याच आठवड्यात माझा गाल सुजला. ताप आला. तोंड एका बोटापलीकडे उघडेना. याला ट्रिसमस म्हणतात, म्हणजे जबडा आखडणं, हे मला नंतर कळलं. आणि जबड्याखाली, गळ्याच्या बाजूला, लिंबाएवढी गाठ आली.

आता मात्र गाठ हा शब्द घरात कुणी उच्चारेना. सासूबाईंनी ती बघितली आणि माझ्या गळ्याभोवती पदर गुंडाळला.

आम्ही आधी इंदापूरच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी लांबूनच बघितलं, गोळ्या दिल्या आणि बारामतीला जायला सांगितलं. परतीच्या एसटीत माझा पदर घसरला. शेजारची बाई ओरडली, "अगं बया, हिला गाठ हाय!" पुढचं मागचं बाक रिकामं झालं. एसटीत इतकी ऐसपैस जागा मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली. मी पदराआड रडत होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

दुसऱ्या दिवशी बारामतीला माझ्याबरोबर शोभाही निघाली. मला नको म्हणायचं होतं, पण बोलताच येत नव्हतं.

दवाखान्याच्या दारात रुमाल बांधलेला माणूस बसला होता. त्याने माझ्या गळ्याकडे बघितलं आणि हात आडवा घातला. "गाठीचा पेशंट आत न्हाय घ्यायचा. पुण्याला न्या." हे त्याला समजावत होते, हात जोडत होते. तो जागचा हलेना. पुण्याला कुठली गाडी आम्हाला घेणार होती? मी पायरीवर बसले. घोटभर पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं. मला वाटलं, इथंच संपलं आपलं.

तेवढ्यात शोभा पुढे झाली. तिने तोंडाचा पदर काढला, त्या माणसासमोर मोठा आ केला आणि बोटाने गाल ओढून दाखवला. "बघा. टाके दिसत्यात? हितंच घातल्यात. हिची बी तसलीच दाढ हाय, एकाच दिशी फोटू काढलाय. बोलवा तुमच्या डॉक्टरास्नी."

तो माणूस घाबरून मागे सरकला. शोभा आ करूनच आत शिरली. "हा गुरुवार हिचा हुता," ती ओरडत होती, "मी घेतला. हिला काय झालं तर मी कुणाला तोंड दावू?"

तिथले रोजचे डॉक्टर बाहेर आले. त्यांनी पायरीवरच माझी गाठ चाचपली, काखा बघितल्या, एक्स-रे मागितला. "ही लिम्फ नोड आहे," ते म्हणाले. "जवळपास पू झाला की गळ्यातली ही ग्रंथी सुजते. प्लेग नाही हा. पण अजून दोन दिवस थांबला असतात, तर सूज श्वासनलिकेपर्यंत गेली असती."

त्यांनी लगेच ड्रेनेज केलं, म्हणजे छेद देऊन पू बाहेर काढला. तीन दिवस सलाइन आणि इंजेक्शनं. शोभा तिन्ही दिवस माझ्याजवळ होती. ओठाच्या कोपऱ्यातून चमच्याने पेज घालायची. स्वतःची भाकरी मात्र बाहेर व्हरांड्यात जाऊन खायची, मला दिसू नये म्हणून. तिला माझं सगळं कळत होतं तर. मला इतकी लाज वाटली की पेज गिळवेना.

साथीची हूल ओसरल्यावर सर्जन पुन्हा यायला लागले. माझी दाढ निघाली, शोभाचे टाके निघाले. तिने त्याच थर्मासमध्ये माझ्यासाठी आइस्क्रीम आणलं. सणसरला येईपर्यंत त्याचं दूध झालं होतं. तिचं नव्हतं झालं, हे माझ्या लक्षात आल्याशिवाय राहिलं नाही.

तुमच्यापैकी कुणाची दाढ आडवी असेल, तर इतकंच सांगते. मिळालेला नंबर सोडू नका. आणि गळ्याला सूज आली, तोंड उघडेना, तर साथ असो नसो, दवाखान्याच्या दारातून हलू नका. बरोबर कुणीतरी मोठ्या तोंडाचं न्या.

पुढच्या वर्षीच्या तिथीला मी शोभाला म्हणाले, "औंदा सैपाक तुझा."

आमटी फर्मास झाली. पाहुणे बोटं चाटत होते, सासूबाई तर पंगतीत म्हणाल्या, असली आमटी ह्या घरात झाली न्हवती. मी दोन्हीकडच्या दाढांनी वडी चावत होते आणि जळत होते. शोभा वाढायला आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

मी वाटी पुढे केली. "अजून वाढ," म्हणाले.