थुंकीचा पुरावा

आमच्या डेपोत त्यांना सगळे कासवराव म्हणत. सत्तावीस वर्षं बस चालवली, पण कधी कुणाशी शर्यत लावली नाही. मागे हॉर्नचा कितीही कल्ला होऊ दे, माणूस ढिम्म. आम्ही चिडवायचो, "कासवराव, तुमच्या बसमध्ये चढलेला रिटायर होऊनच उतरतो." ते म्हणायचे, "धडधाकट उतरतो ना? मग झालं तर."

मी गाडी त्यांच्याच हाताखाली शिकलो. घरी जाणंयेणं होतं. आता जे सांगतोय त्यातलं बरंचसं त्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे, थोडं मी स्वतः पाहिलेलं.

घर दोन खोल्यांचं. ते, वहिनी आणि कपड्यांच्या दुकानात कामाला जाणारी लेक. तीन वर्षांपूर्वी वहिनींच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा कासवरावांनी आपली एक दिली. वहिनी मोठ्या खट्याळ. दवाखान्यातून आल्या त्या दिवशीच मला म्हणाल्या, "भाऊजी, सव्वीस वर्षांत आमचं दोघांचं कशावर जुळलं नाही, शेवटी किडनीवर जुळलं बघा." कासवरावांनी आवाज चढवला की म्हणायच्या, "हळू, तुमचंच सामान आहे आत."

पण अंगाने ते परकं सामान झिडकारू नये म्हणून त्यांना रोज गोळ्या घ्याव्या लागत, आणि त्या गोळ्यांनी आजाराशी झगडायची ताकद पार निजवून ठेवली होती. साध्या सर्दीचीही धास्ती. दारातच बेसिन, साबण, कोऱ्या मास्कचा डबा. मी एकदा नुसता शिंकलो, तर वहिनींनी उंबऱ्यावरूनच माघारी धाडलं, वर "राग मानू नका हं" म्हणून खाऊचा डबा हातात दिला.

त्या दिवशी सकाळची दहाची फेरी होती. बस भरलेली. पुढच्या दाराशी तिशीचा एक माणूस उभा होता, खांद्याला अवजारांची पिशवी, सारखा खोकत होता. सिग्नलला गाडी थांबली तसा म्हणाला, "दार उघडा, उतरायचंय."

"स्टॉपवर उघडतो, दादा. शंभर पावलांवर आहे."

"मला उशीर होतोय! उघड म्हणतो ना!"

"बाजूनं मोटारसायकली घुसतायत. इथं उतरवलं आणि काही झालं तर?"

दिवा हिरवा झाला, गाडी स्टॉपवर लागली, दार उघडलं. माणूस पायरी उतरला. कासवराव सवयीप्रमाणे "सांभाळून" म्हणत होते. तो वळला, दांडी धरून आत वाकला आणि त्यांच्या तोंडावर थुंकला. शब्द अजून तोंडात होता, त्यामुळे ओठ उघडेच होते. थोडं डाव्या डोळ्यात गेलं, थोडं तोंडात.

त्यांनी आधी हँडब्रेक ओढला. मग डोळा मिटून तसेच बसून राहिले. एका बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. बाकीच्यांनी फोन पुढे केले, चित्रण करायला. माणूस तोवर पसार झाला होता.

सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी डोळा चांगला पाव तास धुतला. मग समोर बसवून समजावलं, "थुंकीनं एड्स होत नाही, ते डोक्यातून काढून टाका. काविळीची लस तुम्ही किडनी देताना घेतलेली दिसतेय, म्हणजे तीही भीती नाही. राहता राहिला सर्दी-फ्लू. तो माणूस खोकत होता?"

"होय."

"मग तो लागू शकतो. लागेलच असं नाही. घरी कोणी लहान, म्हातारं, आजारी?"

कासवरावांनी वहिनींचं सांगितलं. बाईंचं पेन थांबलं. "तुम्ही आठवडाभर घरी जाऊ नका. काहीही करून जाऊ नका."

तिथून पोलीस ठाणं. हवालदाराने विचारलं, "इजा काय झाली?"

"थुंकला."

"ते कळलं हो. पण लागलं कुठे?" शेवटी ड्युटीवरच्या कर्मचाऱ्यावर हल्ला आणि आजार पसरेल असं वागणं, अशी दोन कलमं लागली. डेपोतही तीच तऱ्हा. अपघाताच्या अर्जात जखमेचा रकाना होता, थुंकीचा नव्हता. मॅनेजर म्हणाले, "हाडबीड मोडलं असतं तर भरपगारी रजा देता आली असती, आता कशी देऊ?"

मी म्हटलं, माझ्याकडे राहा. ते म्हणाले, "डेपोच्या विश्रांतीगृहात पडतो. कपडे आणि माझ्या गोळ्या तेवढ्या घेऊन येतो, घराच्या दारातूनच."

ते दारातच उभे राहिले होते. तोंडाला मास्क होता. लेकीला पिशवी भरायला सांगितली. पण बसमधलं चित्रण तोवर वहिनींच्या फोनवर पोचलं होतं. त्या आतून ओला टॉवेल घेऊन आल्या, एका शब्दानंही काही न विचारता त्यांनी मास्क खाली ओढला आणि नवऱ्याचं तोंड पुसायला लागल्या. कपाळ, डोळे, ओठ. पुन्हा पुन्हा. "कोण मेला तो? त्याला आईबाप नाहीत का?" म्हणत रडत होत्या.

"मी हात धरायला हवा होता," कासवराव मला नंतर म्हणाले. "ढकलायला हवं होतं तिला. पण दिवसभरात पहिल्यांदाच कुणीतरी मायेनं तोंडाला हात लावला होता रे. माझ्यानं नाही झालं."

तिसऱ्या दिवशी विश्रांतीगृहात त्यांना कणकण आली. चौथ्या दिवशी लेकीचा फोन आला, आईला ताप आहे.

वहिनी बारा दिवस दवाखान्यात होत्या. फ्लू फुफ्फुसात उतरला. आठव्या दिवसापासून नळ्या लागल्या, बोलणं बंद झालं. कासवराव स्वतःचा ताप उतरेपर्यंत काचेबाहेर उभे राहत, मग आत बसायला लागले. बाराव्या दिवशी दुपारी सगळं संपलं. मोठे डॉक्टर बाहेर आले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "किडनीनं शेवटपर्यंत साथ दिली हो." त्यांना धीर द्यायचा होता. कासवराव मात्र भिंतीला टेकून खाली बसले ते तासभर उठले नाहीत.

बसच्या कॅमेऱ्यावरून तो माणूस सापडला. लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक होता. खटला उभा राहायला सव्वा वर्ष गेलं. दोनदा वकील आला नाही, एकदा न्यायाधीश रजेवर, एकदा नुसतीच तारीख. प्रत्येक तारखेला कासवराव इस्त्रीचा गणवेश घालून जायचे. तोवर त्यांनी स्टिअरिंग सोडलं होतं. डेपोत गाड्या धुण्याचं काम मागून घेतलं होतं. माणसं नसलेली गाडी बरी वाटते म्हणायचे.

सरकारी वकिलांनी आधीच स्पष्ट सांगितलं, "तुमच्या मिसेसच्या मृत्यूचा दुवा जोडता येणार नाही. त्या महिन्यात गावभर फ्लू होता. तुमच्या बसमध्येच चाळीस माणसं खोकत असतील. त्याला त्या दिवशी फ्लू होता, हे कुठं सिद्ध होतंय? कुणीही खोकतो. ते दुसरं कलमही टिकेल असं वाटत नाही."

निकालाच्या सकाळी व्हरांड्यातल्या बाकावर कासवराव एकटेच होते. मी गाडी लावायला गेलो होतो. तो मेकॅनिक जवळ येऊन उभा राहिला. वाळलेला, नजर खाली.

"काका, तुमच्या घरचं मला नंतर कळलं. आईशप्पथ, मला असं काही करायचं नव्हतं. लिफ्टमध्ये माणसं अडकली होती, मालक फोनवर शिव्या देत होता. अंगात ताप, त्यानं सुट्टी दिली नव्हती. डोकं फिरलं."

कासवरावांनी विचारलं, "किती होता ताप?"

"एकशे दोन. डॉक्टर फ्लू म्हणाला होता."

"हे आत सांगशील?"

त्या माणसाने दूर उभ्या असलेल्या आपल्या वकिलाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग नकारार्थी मान हलवली. "मला ते बोलूच नको म्हणालेत. मलाही मुलगी आहे हो, काका."

मी पोचलो तेव्हा तो निघून गेला होता आणि कासवराव सरकारी वकिलांना हे सांगत होते. वकिलांनी घड्याळ बघितलं. "कुणी ऐकलं? तुम्ही एकट्यानेच ना? तो सरळ नाकबूल जाईल. आणि साक्षी केव्हाच संपल्यात."

न्यायाधीश बाई भल्या होत्या. थुंकणं हा नुसता अपमान नव्हे, कायद्याने तो हल्लाच आहे, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. त्याला दोन महिन्यांची कैद आणि दंड झाला. दुसऱ्या कलमातून पुराव्याअभावी सुटका. वहिनींचा उल्लेख निकालात कुठेच नव्हता. मेकॅनिकची बायको भिंतीपाशी मुलीला कडेवर घेऊन रडत होती. तिच्याकडे बघून मला रागही येईना.

घरी लेक जेवणाचं ताट झाकून बसली होती. "काय झालं, बाबा?"

"दोन महिने."

"आणि आईचं?"

"आईचं काही नाही."

ती ताट वाढायला उठली. कासवराव माझ्याकडे वळले. "इतके दिवस वाटायचं, निदान कळावं तरी. बसमधल्या कुणाकडूनही आलं असेल, असंही म्हणत होतो मनाशी. त्यावर कशीबशी झोप लागायची. आज कळलं." मग म्हणाले, "तो थुंकला ते माझ्यावर. तिच्यापर्यंत ते मीच नेलं."

त्याच वर्षी आमच्या सगळ्या गाड्यांना ड्रायव्हरच्या बाजूने काच बसवली. वर्तमानपत्रात फोटो आला. मॅनेजरांनी कासवरावांना कार्यक्रमाला बोलावलं होतं, पण त्या दिवशी त्यांचं नाक थोडं गळत होतं. ते माणसांत आलेच नाहीत. लेकीनं आतल्या खोलीच्या दाराबाहेर ठेवलेलं ताट उचलून ते एकटेच जेवत बसले होते.