कुंकवाचं बोट उमटलेलं पातं

धाकट्याने परवा फोनवर विचारलं, "आजी, मलाही ताईसारखा चाकू हवाय. पण स्टीलचा घेऊ का? त्याला गंज चढत नाही ना?" उत्तर एका वाक्यात देता आलं असतं. पण ताईचा चाकू ताईकडे कसा गेला, हे तुम्हा बाकीच्या नातवंडांना ठाऊक नाही. ते कळल्याशिवाय माझ्या उत्तराला काही वजन नाही, म्हणून पहिल्यापासून लिहिते.

माझं माहेर वेल्ह्याकडचं. तिथे पावसाळ्यात पेटीतल्या कपड्यांनासुद्धा बुरशी धरते. तरी माझ्या वडिलांच्या बंडीच्या खिशात बारा महिने घडीचा चाकू असे, आणि तो लोखंडी असे. इंग्रजीत ज्याला कार्बन स्टील म्हणतात, त्याला आमच्याकडे नुसतं लोखंडी म्हणतात. स्टेनलेस म्हणजे स्टील. वडील रानातून आले की आधी पातं धोतराला पुसत, त्यावर खोबरेलाचं बोट फिरवत आणि मगच पाय धुवायला जात. आई म्हणायची, "येवढं तेल माझ्या डोक्याला कुणी लावलं न्हाई." वडील हसत आणि तेलाची वाटी तिच्यापुढे सरकवत.

मी भोरच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले, तेव्हा त्यांनी मलाही तसाच चाकू करवून दिला. बाईंच्या पर्समध्ये एक वेळ खडू नसेल, पण चाकू असेल, असं मुलं म्हणत. खरंच होतं ते. कामथडीला आपल्या परड्यात जे आंबे तुम्ही उन्हाळ्यात खाता, त्यांची कलमं मी त्याच चाकूने बांधली आहेत. कलमाचा काप एका ओढीत आणि आरशासारखा गुळगुळीत लागतो, तरच काडी जीव धरते. माझ्या काड्या सहसा मेल्या नाहीत, हे मी अभिमानानेच लिहिते आहे. दगडावर धार लावून लावून ते पातं आता करंगळीएवढं उरलं आहे.

गेल्या वर्षी ताई नवरात्रात आली. ती तिकडे परदेशात फळबागांचं शिक्षण घेते आणि तिला कलमं बांधायला स्वतःचा चाकू हवा होता. तिला तो माझ्यासारखाच हवा होता. भोरच्या लोहाराकडून आम्ही ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पोलाद घेऊन, बाभळीची मूठ लावून एक करवून घेतला. तिच्या बाबांना हे पसंत नव्हतं. त्यांनी पुण्याहून येताना स्टीलचा, दिसायला फार देखणा, असा दुसरा आणला. त्यांचं म्हणणं साधं होतं. ही मुलगी छत्री बसमध्ये विसरते, डबा वर्गात विसरते. लोखंडी चाकू हिच्या हाती दिला तर महिनाभरात त्याचा गंजका खिळा होईल. शेवटी असं ठरलं, की सुट्टीत तिने दोन्ही वापरावेत आणि दसऱ्याच्या दिवशी बाबांनी निकाल द्यावा. ताईने ते मान्य केलं. पण बाबांनी आपल्याला विसरभोळी म्हटलं, हे तिला लागलं होतं. मला ते दिसत होतं.

स्टीलवर मी अन्याय करणार नाही. लिंबू चिरा, चिंच सोला, ओला तसाच खिशात टाका. तो तक्रार करत नाही. लोखंडी चाकूने पेरू कापला तर फोड काळसर पडते आणि जिभेला लोखंडाची चव लागते. ताईने पहिल्याच दिवशी ती फोड खाऊन तोंड वाकडं केलं. पण मग ती स्वतःच पातं पुसायला उठली, मी न सांगता. रोज उठत राहिली.

खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पुजायची असतात. कोयते, विळे, खुरपी, कुऱ्हाड, तुमच्या काकांचा पाना, माझा झिजका चाकू आणि हे दोन नवे, असं सगळं पाटावर मांडलं. पूजा माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे असते. त्यांनी मोठ्या भक्तीने प्रत्येक हत्यार गरम पाण्याने घासून धुतलं. म्हणजे लावलेलं तेल गेलं. मग हळदीकुंकू पाण्यात कालवून प्रत्येक पात्यावर बोट ओढलं. मी दरवर्षी माझ्या चाकूला कुंकू मुठीवर लावते. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात पुरणाशी होते.

ताईने संध्याकाळी पाटाकडे पाहिलं आणि माझ्याकडे आली. "आजी, पातं ओलं आहे. पुसू?"

जाऊबाईंनी ऐकलं. "आज हत्याराला हात लावायचा न्हाई. आज त्यांची सुट्टी."

"पण काकी आजी, गंजेल ना."

"मग देवाला बी कोरडं कुंकू लावू का आता?"

ताई माझ्याकडे बघत राहिली. मी नको म्हणून मान हलवली. पूजलेलं हत्यार दुसऱ्या सकाळपर्यंत उचलत नाहीत, हे आपल्या घरात माझ्या आधीपासून चालत आलं आहे. तिचे डोळे भरले होते, पण पाटाला हात लावला नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी उठले, तर ती आधीच पाटाशी बसलेली. जाऊबाईंनी हत्यारं उचलायची परवानगी दिली. स्टीलचा चाकू पुसला, तो कालसारखाच लखलखीत निघाला. ताईच्या लोखंडी पात्यावर बरोबर बोटाच्या आकाराचा तांबूस गंज. तिचे बाबा चहा पीत उभे होते. ते एवढंच म्हणाले, "झाला निकाल."

ती वाद घालत बसली नाही. चुलीतली राख, तेलाचे दोन थेंब आणि नारळाचा काथ्या घेऊन मागच्या पायरीवर बसली. गंज निघाला, खालचा करडा डाग मात्र राहिला. मग तिने पातं पाण्याच्या दगडावर लावलं, मला लावताना पाहिलं होतं तसं, सावकाश आणि एकाच कलाने. मी मुद्दाम जवळ गेले नाही. तोरणासाठी आणलेल्या झेंडूचे देठ आणि भाताच्या लोंब्या तिने त्याच चाकूने कापल्या. देठ चेंगरला नाही की लोंबीतला दाणा सांडला नाही.

बाबांनी स्टीलचा उचलला आणि तेही दगडाशी बसले. त्यांचा चहा निवला, पण धार मनासारखी चढेना. चांगलं स्टील चांगल्या सहाणेवर उत्तम लागतं, हे मला माहीत आहे. पण आपल्या पायरीवर आपला ओढ्यातला दगडच असतो. त्यांनी देठावर पातं ओढलं, ते घसरलं. जाऊबाई तोरण ओवता ओवता म्हणाल्या, "तू नुसता बघायला चांगला आणलास."

तो हसला. माझा मुलगा आहे. हरल्यावर तोंड लपवत नाही. ताईला म्हणाला, "गंजेल हे काल संध्याकाळीच तुला कळलं होतं?"

"हो बाबा."

"आणि तरी थांबलीस."

त्याने लोखंडी चाकू पुसला, खोबरेलाचं बोट फिरवलं, मिटला आणि ओट्यावर ठेवला. चाकू आपण कुणाच्या हातात देत नाही, भांडण होतं म्हणून. खाली ठेवायचा आणि दुसऱ्याने उचलायचा. तो म्हणाला, "उचल. तुझा आहे." तिने उचलला, तेव्हा जाऊबाईसुद्धा ओवायच्या थांबल्या होत्या. विमानात चाकू मोठ्या बॅगेत तेल लावलेल्या फडक्यात गुंडाळून गेला.

गेल्या आठवड्यात तिने फोटो पाठवला. तिकडच्या सफरचंदाची तिने बांधलेली कलमं फुटली आहेत. शेजारी उघडा चाकू. पातं निळसर करडं झालेलं, जाऊबाईंचं बोट अजून दिसतंय, नवा गंज कुठेही नाही. मी तो फोटो जाऊबाईंना दाखवला. त्यांनी मोबाईल बराच वेळ डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाल्या, "माजंच बोट हाय व्हय."

तर धाकट्या, स्टीलचा चाकू इथे माझ्या फडताळात आहे, आणि तो वाईट नाही. फळं कापायला हवा असेल तर तो तुझाच. लोखंडी हवा असेल तर दसऱ्याला ये. तोवर रोज संध्याकाळी न सांगता करायचं असं एक काम स्वतःला लावून घे. चाकू मी ओट्यावर ठेवीन. उचलायचा तुला आहे.