शनिवारचं हाड

माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या ऑपरेशनची तारीख नेमकी शनिवारची निघाली. शनिशिंगणापूर आमच्या शिवेला लागून. आमच्याकडं शनिवारी लोखंड घरात येत नाही, साधा खिळासुद्धा. आणि इथं तर अप्पांच्या नडगीत हाडाच्या जागी धातूचा तुकडा बसवायचा होता.

उसाच्या ट्रॉलीखाली पाय सापडला, तेव्हापासून त्या हाडात जंतूंनी ठाण मांडलं होतं. वर्षानुवर्षं पू वाहायचा. मागच्या ऑपरेशनला डॉक्टरांनी सडलेलं हाड काढून तिथं औषध घातलेलं सिमेंट भरलं, तेव्हा कुठं जखम सुकली. मग दोन्ही पायांचा स्कॅन काढला आणि चांगल्या पायाच्या मापानं पुण्यात मशिनवर थर चढवत चढवत तो तुकडा छापून घेतला. दुसऱ्या कुणाच्या पायात तो बसलाच नसता.

शुक्रवारी नगरला भरती केलं. अप्पा भिंतीकडं तोंड करून पडले. "शनवारी न्हाई. सोमवारी करा म्हनावं."

"ते लोखंड नाही, अप्पा. टायटॅनियम आहे."

"नाव काय बी आसू दे. धातू त्यो धातूच."

डॉक्टर पुण्याहून शनिवारीच यायचे, तेही महिन्यातून एकदा. मी बाहेर येऊन त्यांना फोन लावला, तेव्हा त्यांनी स्वच्छ सांगितलं, "जंतू आत्ता शांत आहेत. पुन्हा उठले तर हा तुकडा वाया जाईल आणि पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागेल." माझं डोकंच फिरलं. आत जाऊन अप्पांना मी नाही नाही ते बोलले. मला तर रडूच फुटायचं बाकी होतं.

कोपऱ्यात आई बसली होती. रोज सकाळी पाणी उकळून ती जखम तीच धुवायची; सुकल्यावरही, पू पुन्हा येईल या धास्तीनं, तिनं ते सोडलं नव्हतं. आवाज न चढवता ती म्हणाली, "इतकी वर्सं मी पू पुसला. शनवारी सुट्टी हुती का मला? शनवारी वाहायचा थांबायचा का त्यो?"

अप्पा भिंतीकडून आईकडं वळले. मग मला म्हणाले, "सही कुठं करायची, इचार."

शनिवारी दुपार कलली तरी ऑपरेशन थिएटरचं दार उघडेना. उद्या काही वाईट झालं तर सगळा गाव शनीचंच नाव घेणार, आणि दोष आईच्या माथी येणार, एवढंच माझ्या डोक्यात घोळत होतं. आईनं चहालासुद्धा हात लावला नाही.

तुकडा नीट बसला. टाके निघाल्यावर अप्पांना घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं सवयीनं पातेलं गॅसवर ठेवलं, पाणी उकळलं आणि ते घेऊन त्यांच्या पायाशी बसली. पाय कोरडा होता. आता धुवायला काहीच उरलं नव्हतं. इतक्या वर्षांत त्या जखमेपायी आई कधी रडली नव्हती. त्या सकाळी ती तिथंच बसून रडली.